काटेरी तारेच्या आत



गुलामगिरी म्हटली की आपल्याला अमेरिकेतले कापसाचे मळे आठवतात. पण तितकं लांब जायला नको. कुर्डुवाडीहून गाडीत बसावं, सोलापूरला उतरावं आणि ‘सेटलमेंट’ कुठे आहे ते विचारावं. कुणीही सांगेल. या वस्तीभोवती एके काळी काटेरी तार होती. आत कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, बायकापोरांसकट. रोजची हजेरी, बाहेर पडायला पास, कामाला गिरणी. गुन्हा एकच, त्या जातीत जन्म.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. त्याआधी दोनच वर्षं, १८७१ मध्ये, इंग्रजांनी जन्मावरूनच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. १९११ मध्ये तो आपल्या मुंबई इलाख्याच्याही मानगुटीवर बसला. आपलं कुर्डुवाडी रेल्वेनं वाढवलं, पण मीठ-धान्य वाहणारे लमाणांचे बैलतांडे त्याच रेल्वेनं बसवले. धंदा गेला की फिरणारा माणूस संशयित ठरतो.

आता मिशनऱ्यांचं. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस फॅरार यांची अहमदनगरची मुलींची शाळा फुल्यांनी पाहिली आणि मग १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची काढली. हे ऋण मोठं आहे. पण याच मिशनकडे पुढे सोलापुरातल्या उमेदपूर सेटलमेंटचा कारभार आला. तिथे मुलांच्या हाती पाटी आली, तीही तारेच्या आतच. मिशनऱ्यांची कळकळ मला खोटी वाटत नाही. पण माणूस आधी सुधारावा, मग सोडावा, हा हिशेबच खोटा होता. सोडणं आधी हवं होतं.

तार सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देशाला स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाल्यावर. संशय मात्र राहिला. या सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जमातींना सराईत गुन्हेगार समजू नका, हे तुरुंगांना बजावायला सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. जातीच्या दाखल्याला आजही १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पालात जन्मलेल्यानं तो आणायचा कुठून?

माढ्याच्या, बार्शीच्या, कुर्डुवाडीच्या शिक्षकांना एक विनंती. गावाबाहेर पालं उतरली, तर त्यांतल्या पोरांना वर्गात बसवा. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो.