आधी इंधन, मग शेगडी



स्वयंपाकाच्या इंधनाचा विषय निघाला की आपले बोलणे बहुधा शेगडीवर सुरू होते आणि शेगडीवरच संपते. धूर किती कमी, भांडी किती काळी होतात, पंखा बॅटरीवर चालतो की विजेवर, याची चौकशी होते. पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून बनवलेल्या कांड्यांच्या, शेगडीबाबत हा क्रम उलटा हवा, एवढेच मला आज मांडायचे आहे. साध्या चुलीत बाभळीचे लाकूड घाला, तुराट्या घाला, नाहीतर गोवऱ्या. कमीअधिक धुराने का होईना, ती पेटते. पेलेटची शेगडी इतकी सोशिक नसते. सारख्या जाडीच्या, सारख्या कोरडेपणाच्या कांड्या मिळतील, असे गृहीत धरूनच तिची हवेची भोके आणि पंख्याचा वेग ठरवलेला असतो. इंधन बिघडले की चांगली शेगडीही धुरकटते, आणि दोष मात्र शेगडीच्या माथी येतो.

याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून ‘ऊर्जा’ नावाची शेगडी तयार झाली आणि बीपी या तेल कंपनीने ती २००६च्या सुमारास बाजारात आणली. तळाशी छोटा पंखा, वर सुमारे ६०० ग्रॅम पेलेट, आणि एकदा पेटवली की तासाभराचा स्वयंपाक. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. शेगडीचे शास्त्र पक्के होते. अडले ते पेलेटपाशी. भुईमुगाची टरफले आणि उसाचे चिपाड यांना कारखान्यांच्या बॉयलरचेही गिऱ्हाईक होते. कच्चा माल महागला, तसे पेलेट महागले, आणि बहुतेक घरांनी शेगडी माळ्यावर टाकली. कंपनी हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळली. म्हणून शेगडीचा भाव विचारण्याआधी विचारायचे ते असे: पेलेट कोण बनवतो, किती अंतरावर बनवतो, कशापासून बनवतो, आणि तोच कच्चा माल आणखी कोणाला हवा आहे?

पुरवठ्याची खात्री पटली की प्रश्न येतो गुणवत्तेचा. इटली, ऑस्ट्रियासारख्या देशांत घर उबदार ठेवण्यासाठी पेलेट वापरतात. तिथल्या ‘एनप्लस ए-वन’ दर्जाच्या लाकडी पेलेटमध्ये ओलावा जास्तीत जास्त १० टक्के आणि राख ०.७ टक्के चालते. जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर. राखेचा आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा. १५ किलोचे पोते जाळले तर या दर्जाची राख जेमतेम १०० ग्रॅम होईल. भाताच्या तुसात राख २० टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे तेवढ्याच वजनामागे ३ किलो. ती रोज उपसायची कोणी? पेंढ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातले पोटॅशियम आणि सिलिका मिळून राख कमी तापमानाला वितळते, तिचा खंगर धरतो आणि हवेची भोके बुजतात. यावर कोणी म्हणेल, लाकडी पेलेट महाग, शेतातला माल स्वस्त. परवडेल तेच घ्यावे. आक्षेप रास्त आहे, पण भाव किलोचा न लावता मिळणाऱ्या उष्णतेचा लावावा. राख जळत नाही, आणि पाणी तर उलट उष्णता खाते. शेतमालाचेच पेलेट घ्यायचे असतील तर त्यासाठी बनवलेली, राख काढायला सोपी अशी शेगडी घ्यावी. म्हणजे पुन्हा इंधनच आधी ठरले.

पोत्यावर आकडे छापलेले नसतील तरी गिऱ्हाईक अगदीच हतबल नसते. पोत्याच्या तळाशी भुसा किती साचला आहे ते पाहावे. कांडी गुळगुळीत, किंचित चकचकीत असावी आणि मोडताना कट्‌कन तुटावी. पाण्याच्या पेल्यात टाकल्यावर ती बुडाली पाहिजे. तरंगली तर दाब कमी पडला आहे. रंगावर मात्र जाऊ नये. फिकट पेलेट चांगले आणि काळपट वाईट हा समज बाजारात आहे, पण रंग लाकडाच्या जातीवर आणि वाळवण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असतो.

आता साठवण. इथेच आपले हवामान आडवे येते. लाकडाच्या पेलेटला सहसा वेगळा डिंक लागत नाही. उष्णता आणि दाबाखाली लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तेच भुसा बांधून ठेवते. पाणी लागले की ही बांधणी सुटते, कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो, आणि उन्हात वाळवून ती परत जुळत नाही. पावसाचा थेंबही न लागता हे नुकसान होऊ शकते. हवेत ५० टक्के आर्द्रता असताना लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते. ९० टक्क्यांवर हाच ओलावा २०पर्यंत चढतो. कोकणातला जुलै आठवा. बंद प्लॅस्टिकची पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीत. फोडलेले पोते घट्ट झाकणाच्या डब्यात रिकामे करावे. जुना माल आधी जाळावा. मोठ्या साठ्याला आणखी एक धोका असतो. ताज्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो. २००६ साली स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात कॅनडाहून पेलेट घेऊन आलेल्या जहाजावर याच वायूने एका खलाशाचा बळी घेतला. चारदोन पोत्यांना भिण्याचे कारण नाही, पण टनावारी सुटा माल बंद खोलीत भरणाऱ्या वसतिगृहांनी तिथे वारा खेळता ठेवावा.

गॅस घरोघर पोचल्यावर हा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येईल. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो. जवळच्या मालावर चालणारा दुसरा पर्याय हाताशी असणे शहाणपणाचेच आहे. पण ती सोय प्रत्येक घराची नव्हे. ज्यांना वर्षभराचा पुरवठादार सापडलेला नाही, किंवा आषाढ-श्रावणात कोरडी राहील अशी जागा ज्यांच्याकडे नाही, त्यांनी पेलेटची शेगडी घेऊ नये.