सेल्फ लागत नाही

(घोडबंदर रोडवरच्या एका वस्तीत रिक्षा आणि टेम्पो चालवणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीत केलेले भाषण.)



पान्यांची पिशवी घेऊन आत आले तेव्हा दारातल्या आजींनी विचारलं, "बाई, आज कुणाचं काय खोलणार?" आजींचं बरोबर आहे. एम. एस. डब्ल्यू.ला आम्हाला केस पेपर लिहायला शिकवलं, कायदे शिकवले. पाना कसा धरायचा ते मी पस्तिशीत शिकले, आणि तेही एका रिक्षामुळे.

ती रिक्षा चालवणाऱ्या ताई इथेच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते. गेल्या पावसाळ्यात सकाळी शाळेची मुलं घेऊन त्या कासारवडवलीला थांबल्या आणि पुन्हा गाडी सुरू होईना. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, बटण दाबलं की नुसतं 'टक'. पोरांनी धक्का मारला, गाडी सुरू झाली. गॅरेजवाला लांबूनच म्हणाला, "स्टार्टर गेला, नवा टाका." पैसे नव्हते. घरी मालक म्हणाले, "बायकांचं काम नाही हे, विकून टाकू." रिक्षा चार दिवस उभी राहिली. मुलांच्या आयांनी दुसरी रिक्षा लावायची भाषा सुरू केली. ताई बचत गटाकडे कर्ज मागायला आल्या, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. ते येऊन बघतात तर इंजिन आणि सांगाडा जोडणारी अर्थची वायर गंजून ढिली झालेली. पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, बटण दाबलं. दहा मिनिटांचं काम. गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवलं की नीट बघितलंच नाही, मला सांगता येणार नाही. पण "अर्थ तपासलीत का?" एवढं विचारायला तेव्हा आमच्यातली एकही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, दिवे लागत होते म्हणजे करंट होता की. इथेच आपण सगळ्या फसतो. हेडलाइटला पाचेक अँपिअर पुरतात. मोटारीच्या स्टार्टरला शंभराच्या वर लागतात. रिक्षाला कमी, पण दिव्याच्या कितीतरी पट. नळात कचरा अडकला की तांब्या भरतो, पिंप भरत नाही. तसंच हे.

म्हणून आधी ऐकायचं. हेडलाइट लावून बटण दाबा. दिवे एकदम मंदावले आणि 'टकटकटकटक' आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टर्मिनलं खराब आहेत. दिवे लख्ख राहिले आणि एकच 'टक' झालं, तर स्टार्टरची वायर, अर्थ, रिले किंवा स्वतः स्टार्टर बघायचा. काहीच आवाज नाही, तर फ्यूज बघा, आणि गाडी न्यूट्रलला आहे का तेही. आम्ही एकदा त्यातच अर्धा तास घालवला. मोटर नुसती भुर्रकन फिरते आणि इंजिन हलत नाही, तर आतला दाता धरत नाही, ते काम गॅरेजचंच. आणि इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल, तर बिचाऱ्या स्टार्टरला दोष देऊ नका. तिथे पेट्रोल, गॅस किंवा प्लग बघावा लागतो. बटण पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं. मोटर तापून जळते.

हात घालण्याआधी चावी बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. आणि अंगठी, धातूच्या बांगड्या, लोंबतं मंगळसूत्र काढून ठेवा. हे म्हटलं की दर वेळी कुजबुज होते, आत्ताही झाली. मी कुठलाही वाद घालायला आलेली नाही. धातू एकाच वेळी बॅटरीच्या प्लसला आणि सांगाड्याला टेकला की लालभडक तापतो, कातडी जळते. काढायचं नसेल तर पदराखाली घट्ट खोचा. पण हातातलं काढाच.

टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. मायनस जोडलेली असताना प्लस खोलायला गेलात आणि पाना सांगाड्याला लागला, तर ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. म्हणून जवळ बिडी-काडीही नको. पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने धुवा, सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. सीएनजीचा वास येत असेल तर बटणाला हातच लावायचा नाही. व्हॉल्व्ह बंद करून लांब व्हायचं.

गटाने एक मल्टिमीटर घ्यावा असं माझं मत आहे. पूर्ण भरलेली, उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी. गाडी चालू असताना १४ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर चार्जिंगमध्ये बिघाड आहे, नवी बॅटरीही तशीच उतरेल. नव्या बॅटरीचे पैसे देण्याआधी हे बघा.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. रात्री गायमुखच्या घाटात गाडी बंद पडली, तर ही विद्या तिथे दाखवू नका. मागून ट्रेलर येत असतात. जमलं तर गाडी कडेला, दिवे लुकलुकते, आणि आपण रस्त्यापासून लांब उभं राहून फोन करायचा.

पूर्वी रिक्षा सीटजवळचा दांडा हाताने ओढून सुरू करावी लागे. मूळच्या परभणीच्या शीला डावरे १९८८ पासून पुण्यात रिक्षा चालवू लागल्या, तो हा काळ. अमेरिकेत मोटारीला पुढून हँडल मारत; ते उलटं फिरलं की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला बसला आणि दंडातल्या ताकदीचा प्रश्न तिथे संपला. आपल्याकडे २०१६ साली परवान्यांच्या सोडतीत पाच टक्के परवाने स्त्रियांसाठी आले, अबोली रंग आला. परवाना मिळाला, बटण मिळालं. बटण चाललं नाही की मात्र अजून कुणाचा तरी भाऊ शोधायचा.

त्या ताईंचे मालक आता काय म्हणतात, ते त्यांनाच विचारा. रिक्षा विकलेली नाही.

बाहेर दोन रिक्षा आणि एक टेम्पो उभा आहे. दोघी-दोघींनी टर्मिनल काढून, घासून परत लावायचं आहे. बऱ्याच ठिकाणी दहा नंबरचा पाना बसतो, तरी पिशवीत आठ आणि बाराही आहेत. बांगड्या या डब्यात ठेवा, डबा आजींकडे राहील.