होडीवरचा पाणीरेषेचा डाग : घासू नका, विरघळवा
(खाडीकाठच्या शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



कृषिविद्येचा माणूस होडीवर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण ज्यांची भातखाचरे आणि नारळाच्या बागा खाडीपलीकडे आहेत, त्यांची बैलगाडी म्हणजे होडीच. खताची पोती, पेंढा, नारळ सारे तिच्यातूनच जाते. आता अनेकांकडे फायबरची होडी आली आहे. पावसाळ्याआधी ती वर ओढली, की पाण्याच्या पातळीला पिवळट-तपकिरी पट्टा दिसतो. साबणाने तो जात नाही. मग कोणी पॉलिश पेपर घेतो, कोणी तारेचा ब्रश. इथेच नुकसान होते.

प्रथम हा डाग कशाचा ते पाहू. आपली जांभ्याची जमीन लाल दिसते ती लोहामुळे. पावसात बारीक मातीबरोबर हे लोह ओहोळांतून खाडीत येते. कांदळवनाची पाने व साल पाण्यात कुजतात, त्यांतून टॅनिन सुटते. कच्चे केळे चिरताना विळी काळी पडते, ती टॅनिन आणि लोखंड एकत्र आल्यामुळे. तसाच संयोग होडीच्या अंगावर होतो. शेवाळाचा बुळबुळीत थर त्याला धरून ठेवतो आणि रोजच्या भरती-ओहोटीत डाग पक्का होतो.

फायबरच्या होडीला बाहेरून जेलकोट नावाचा तुळतुळीत थर असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. तो झिजला, की आतील काचतंतूंपर्यंत पाणी पोहोचते आणि पुढे फोड येतात. विद्यार्थी असताना मी काकांची होडी तारेच्या ब्रशने घासली. डाग गेला, पण चकाकीही गेली. तारेचे कण जेलकोटमध्ये रुतले, त्यांना गंज चढला आणि पुढच्या हंगामात डाग आधीपेक्षा गडद झाला. काका मला काही बोलले नाहीत, पण होडी दुरुस्तीला न्यावी लागली.

म्हणून काम क्रमाने करावे. होडी सावलीत घ्यावी. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रशने शेवाळ धुवावे, मग गोड्या पाण्याने धुऊन वाळू द्यावे. आता उरलेला डाग नीट पाहा. पिवळा-तपकिरी असेल तर तो लोह-टॅनिनचा. पांढरा, खरखरीत कवचाचा थर असेल तर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच सोडवावा. खडूसारखा पांढुरका भाग म्हणजे उन्हाने निस्तेज झालेला जेलकोट. त्यावर आम्लाचा उपयोग नाही, पॉलिश करावे लागते.

तपकिरी डागासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरावे. ते लोहाला धरून पाण्यात विरघळवते. प्लॅस्टिकच्या बादलीत १ लिटर कोमट पाणी घेऊन त्यात ५० ग्रॅम पूड हळूहळू टाकावी. पुडीवर पाणी ओतू नये. आधी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून पाहावे. मग स्पंजने खालून वर लावत जावे, म्हणजे ओघळांचे पट्टे उठत नाहीत. १० ते १५ मिनिटे ओले ठेवावे, वाळू देऊ नये. डाग जुना असेल तर सुती कापडाच्या पट्ट्या द्रावणात भिजवून चिकटवाव्यात. नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. डाग राहिला तर पुन्हा लावावे, पण जोर लावून घासू नये. पत्र्याच्या व जस्ताच्या भागांना, तसेच तळाच्या शेवाळरोधक रंगाला हे द्रावण लागू देऊ नये.

संडास धुण्याच्या आम्लानेही डाग जातो असे काही जण सांगतात. ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याच्या वाफा घातक, आणि नट-बोल्ट त्याने लवकर खराब होतात. ते टाळलेले बरे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे आणि दिसते साखरेसारखे. स्वयंपाकघरात ठेवू नका, भांडी वापरू नका, डब्यावर नाव लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. रबरी हातमोजे, चष्मा वापरा आणि पूड उडताना नाका-तोंडाला फडके बांधा. ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. डोळ्यात गेले तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा. पोटात गेले तर वेळ न दवडता रुग्णालयात न्या. उरलेले द्रावण खाडीत, विहिरीजवळ किंवा कोळंबीच्या तळ्यात ओतू नका. बादलीत थोडी थोडी चुन्याची निवळी घाला. चुन्यामुळे आम्ल न विरघळणारे होऊन तळाशी बसते.

होडी पूर्ण वाळली, की मेणाचे पॉलिश लावावे. पुढच्या हंगामात डाग कमी धरतो आणि लवकर निघतो.

डागाने होडी बुडत नाही, हे खरे. मात्र त्याच पट्ट्याखाली बारीक तडे आणि फोड लपलेले असतात. पट्टा साफ झाला की ते दिसतात आणि नारळी पौर्णिमेपूर्वी दुरुस्त करता येतात. भर खाडीत, पोत्यांनी भरलेल्या होडीत, ते कळण्यापेक्षा आज अंगणात कळलेले केव्हाही चांगले.