फाइल नेमकी कोणाची?

आज फाइलच्या मालकीबद्दल बोलू. सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

नोएडातल्या एका छोट्या ऑफिसात मी सर्व्हर सांभाळायचो. जुनं मशीन थकलं होतं. शनिवारी नव्या मशीनवर उबंटू टाकलं, सगळ्यांची खाती नव्याने उघडली, जुनी डेटा डिस्क तशीच जोडली आणि मेट्रो पकडून घरी आलो. सोमवारी नवा ट्रेनी टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, ये सैलरी वाली फाइलें मेरे नाम पर क्यों दिख रही हैं?"

बघतो तर खरंच! अकाउंट्सच्या मॅडमनी परमिशन चोख लावल्या होत्या, मालकाशिवाय कोणी वाचू नये अशा. पण मालकच बदलला होता. पगार त्या पोरासमोर उघडे आणि मॅडमना 'परमिशन डिनाइड'.

झालं काय, तर डिस्कवर मालकाचं नाव नसतंच. असतो फक्त नंबर, यूआयडी. 'एलएस -एल' जे नाव दाखवतं, ते त्या मशीनच्या '/ईटीसी/पासडब्ल्यूडी'मध्ये बघून. जुन्या मशीनवर मॅडम होत्या १००१. नव्यावर मी खाती उघडली एबीसीडीच्या क्रमाने. १००१ गेला ट्रेनीला, मॅडम झाल्या १००३. सोसायटी बदलली, फ्लॅट नंबर तोच, पाटी दुसऱ्याची. 'एलएस -एलएन' मारलं असतं तर शनिवारीच नंबर दिसले असते.

घाईत मी 'सुडो सीएच-ओन -आर' टाइप करून सगळा फोल्डर मॅडमच्या नावे करायला निघालो होतो. एंटर दाबलं नाही हे नशीब. आत इतरांच्याही फाइली होत्या. '-आर' सरसकट सगळ्यांवर नवा नंबर मारतं, जुना कुठेच उरत नाही.

म्हणून आधी सगळ्यांना लॉगआउट करायला लावलं. मग 'गेटएफएसीएल -आर'चं आउटपुट एका फाइलमध्ये ठेवलं. काही चुकलं तर 'सेटएफएसीएल --रिस्टोअर' त्यातून परमिशनच नाही, मालकही परत आणतं; फक्त रूट म्हणून चालवावं लागतं. नंतर 'सीएच-ओन'ला '--फ्रॉम=१००१' जोडलं, म्हणजे ज्यांचा मालक १००१ आहे तेवढ्याच फाइली बदलतात.

पण इथेही एक खड्डा आहे. १००१ चे थेट १००३ केले, तर जुन्या १००३च्या फाइली त्यात मिसळतात आणि मग वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून आधी सगळ्यांना रिकाम्या नंबरांवर हलवलं, १००१ चे २००१, १००२ चे २००२ असे. मग तिथून ज्याच्या त्याच्या नव्या नंबरावर.

आणि डिरेक्टरी विसरू नका! फाइल डिलीट करायला फाइलची नाही, डिरेक्टरीची परमिशन लागते. मॅडमची डिरेक्टरीही ट्रेनीच्या नावावर होती. त्याने ठरवलं असतं, तर आतल्या दुसऱ्या कोणाच्याही फाइली उडवता आल्या असत्या.

दुपारी मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किसी ने खोली?" ट्रेनी मागेच उभा होता. म्हणाला, एकच उघडली. स्वतःच्या पगाराची.