ट्राम, मोटार आणि रस्ता

दाराशी मोटार उभी आहे आणि पाच मिनिटांच्या अंतरावर ट्रामचा नवा मार्ग सुरू झाला आहे, अशी कल्पना करा. शहरात जावयाचे तर कशाने जाल? बहुतेक गृहस्थ हा हिशेब एकाच पद्धतीने मांडतात. मोटारीच्या बाजूला ते केवळ पेट्रोल धरतात. गाडीची किंमत, विमा, दुरुस्ती हे खर्च होऊन गेलेले. त्यांची आठवण त्या क्षणी कोणी ठेवीत नाही. ट्रामच्या बाजूला मात्र तिकीट येते, थांब्यापर्यंतची पायपीट येते, वाट पाहणे येते आणि पावसाळा असला तर छत्रीही येते. घरातून चौघे निघाले की तिकिटे चार होतात, पेट्रोल तेवढेच राहते. असा हिशेब मांडल्यावर ट्राम हरणार हे ठरलेलेच.

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग नगराने हा हिशेब पालटून दाखविला. ऱ्हाईनकाठी, जर्मनीच्या सीमेवर वसलेले हे जुने शहर. तेथील पूर्वीची ट्राम १९६० साली बंद झाली आणि पुढील तीस वर्षांत मोटारींनी शहराचा गाभा व्यापला. क्लेबेर नावाच्या मुख्य चौकातून दररोज सुमारे ५० हजार वाहने जाऊ लागली. काही तरी उपाय हवा, याविषयी दुमत नव्हते. मतभेद होता तो उपाय जमिनीवर करावा की जमिनीखाली, याविषयी. लील शहरात १९८३ मध्ये चालकाविना धावणारी लहानशी मेट्रो सुरू झाली होती. तशीच येथेही भुयारातून न्यावी, असे एका पक्षाचे म्हणणे. व्यापारी मंडळींचा ओढा तिकडेच होता. भुयारी गाडी वेगवान खरी. पण तिचा मोठा गुण, निदान मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने, निराळाच होता. ती वरचा रस्ता मोटारींसाठी जसाच्या तसा सोडीत होती. ट्राम रस्ता मागते, हाच तिचा अपराध!

१९८९ च्या नगरपालिका निवडणुकीत हा वाद चांगलाच गाजला. तेवढ्याच पैशांत ट्रामचा मार्ग कितीतरी अधिक लांब नेता येईल, असे सांगणाऱ्या कॅथरीन ट्रोटमन महापौर झाल्या. पुढे त्यांनी जे केले त्यातील खरी मेख मला १९९२ सालात दिसते. ट्राम धावू लागण्यास अद्याप दोन वर्षे होती, तोच शहराच्या मध्यातून मोटारीने आरपार जाणे बंद करण्यात आले. मोटार आत येऊ शके. पण पलीकडे जावयाचे तर बाहेरच्या मार्गाने वळसा घ्यावा लागे. क्लेबेर चौक पादचाऱ्यांच्या स्वाधीन झाला. मग १९९४ च्या नोव्हेंबरात, पश्चिमेकडील ओतपिएर या वसाहतीपासून शहराच्या मध्यातून दक्षिणेकडे जाणारा, सुमारे १० किलोमीटरांचा पहिला मार्ग खुला झाला. डब्यांची जमीन फलाटाच्या पातळीची, त्यामुळे बाबागाडी व चाकांची खुर्ची सरळ आत जाते. वेशीवर मोटारतळ केले. तेथे गाडी ठेवणाऱ्यास एकाच तिकिटात गाडीतील सर्वांसह ट्रामने जाऊन परत येता येते. चार तिकिटांचा तो प्रश्न असा मिटला.

ही सक्ती नव्हे काय, असे कोणी विचारील. प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाला हा आक्षेप नवा नाही. मला वाटते, ज्याच्यापाशी मोटार नाही त्याला पूर्वीच्या चौकात जीव मुठीत धरून चालावे लागे, तीही सक्तीच होती. तिला ते नाव कोणी दिले नव्हते, इतकेच. १९९५ मध्ये तेथील मतदारांनी ट्रोटमनबाईंना पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून दिले. तथापि अवजारांची पेटी घेऊन हिंडणारा कारागीर, किंवा मार्गापासून दूर राहणारा माणूस, यांना ट्राम पुरेशी पडत नाही. त्यांच्यासाठी मोटार राहणारच.

आपल्याकडील ट्रामची गोष्ट उलट दिशेने गेली. मुंबईत १८७४ साली घोड्यांची आणि १९०७ साली विजेची ट्राम आली. ३१ मार्च १९६४ रोजी ती थांबली. कलकत्त्यात अनेक रस्त्यांवर रुळांची राखीव पट्टी फरसबंद करून इतर वाहनांना मोकळी करण्यात आली. वाहनांच्या गर्दीत ट्राम अडकू लागली आणि मग, ट्रामच संथ, असा ठपका तिच्यावर आला. आज ती मोजक्याच मार्गावर उरली आहे.

रस्ता मागण्याचा धीर राजधानीने एकदा केला, ट्रामसाठी नव्हे, बससाठी. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या दरम्यान रस्त्याची मधली पट्टी बसगाड्यांना दिली गेली. मोटारवाल्यांचा संताप अनावर झाला. ही योजना रद्द करावी, ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली, तरी २०१६ मध्ये पट्टी उखडली गेलीच. स्ट्रासबुर्गने आरपार जाणारी वाहने आधी बाहेरच्या मार्गावर वळविली आणि मागून ट्राम आणली. दिल्लीत तीच वाहने उरलेल्या पट्ट्यांत कोंबली गेली, आणि ताटकळणाऱ्या प्रत्येक मोटारवाल्याला शेजारून निघून जाणारी बस दिसत राहिली.