राष्ट्राध्यक्षांचे मंत्रिमंडळ आणि अष्टप्रधान

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरांवर होसकोटे आहे. विजापूर दरबाराने शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर दिली, तीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. याच कर्नाटकातून शहाजीराजांनी बाल शिवाजीराजांना पुण्यास पाठविले, तेव्हा पेशवे, मुजुमदार, डबीर आणि सबनीस असे अधिकारी त्यांच्यासमवेत दिले, असे सभासदाची बखर सांगते.

या कारभाराचा विस्तार पुढे अष्टप्रधानात झाला. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा पेशवा हा मुख्य प्रधान, मुजुमदार हा अमात्य आणि डबीर हा सुमंत झाला. प्रधानांना वेतन रोख मिळे. पद वंशपरंपरेने चालत नसे. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता इतरांना प्रसंगी रणांगणावरही जावे लागे. प्रधानांनी सल्ला द्यावा, निर्णय मात्र छत्रपतींचा असे.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे मंत्रिमंडळ या बाबतीत अष्टप्रधानांच्या जवळचे आहे. तेथील संविधानात ‘कॅबिनेट’ हा शब्दच नाही. खातेप्रमुखांकडून लेखी अभिप्राय मागविण्याचा अधिकार तेवढा राष्ट्राध्यक्षांना दिला आहे. वॉशिंग्टन यांच्याभोवती जेफरसन, हॅमिल्टन, नॉक्स आणि रँडॉल्फ असे चौघे होते. आज खात्यांची संख्या १५ आहे. खातेप्रमुखांच्या नेमणुकीस सेनेटची संमती लागते आणि त्यांना काँग्रेसचे सदस्य राहता येत नाही. त्यांना पदावरून दूर मात्र राष्ट्राध्यक्ष स्वतः करू शकतात.

भारतात याच्या उलट व्यवस्था आहे. संविधानाच्या ७४ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे लागते आणि ७५ व्या अनुच्छेदानुसार मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकपणे जबाबदार असते. लोकसभेचा विश्वास गमावलेल्या मंत्रिमंडळास पायउतार व्हावे लागते.

अष्टप्रधानांचे पुढे काय झाले, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले. १७२० मध्ये ते पुत्राकडे व १७४० मध्ये नातवाकडे गेले. सचिवपद भोरच्या आणि अमात्यपद बावड्याच्या घराण्यात स्थिरावले. जे पद काढून घेता येत होते, ते वतन झाले. १७४९ मध्ये शाहूंचे निधन झाल्यावर छत्रपती साताऱ्यास राहिले आणि सत्ता पुण्यास गेली.

म्हणून मंत्री किती आणि खाती कोणती, एवढ्यावरून मंत्रिमंडळाची पारख होत नाही. मंत्र्यास पदावरून दूर करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे आणि तो खरोखर वापरता येतो काय, हे आधी पाहावे लागते.