मंद चालणारा लॅपटॉप : दोष नेमका कोठें ?



घरच्या लॅपटॉपवर एखादें पान उघडावयास घ्यावें आणि पडद्यावरील तें वर्तुळ गरगर फिरतच राहावें, हा अनुभव आज सुशिक्षित कुटुंबांत कोणास नवा नाहीं. मूर्तिजापुरासारख्या तालुक्याच्या गांवीं तर त्याचें कारणहि आधींच ठरलेलें असतें. "इकडे नेटच मिळत नाहीं," असें म्हणून आपण मोकळे होतों. दुसरा कोणी लॅपटॉपच म्हातारा झाला असें ठरवितो आणि नव्याच्या चौकशीला लागतो. हीं अनुमानें कधींमधीं खरींहि निघतात. पण चौकशीवांचून केलेलीं असल्यामुळें तीं बहुधा महागांत पडतात. नव्या लॅपटॉपला लागणारे तीस-चाळीस हजार रुपये ही मध्यम स्थितींतील घराला हलकी रक्कम नव्हे. शिवाय मुलीचा प्रवेश-अर्ज किंवा शेताच्या विम्याचा अर्ज मुदतींत गेला नाहीं, तर होणारें नुकसान रुपयांतहि मोजतां येत नाहीं. म्हणून हा दोष शोधावा कसा, याची एक साधी शिस्त आज आपणांपुढें मांडावयाची आहे.

मूर्तिजापूरकरांना ही शिस्त एका उदाहरणानें चटकन पटेल. मुंबईहून निघालेला रेल्वेमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. त्याच मार्गावरील मूर्तिजापूर स्टेशनांतून पुढें एक फांटा यवतमाळकडे व दुसरा अचलपूरकडे गेला. मुख्य मार्गाच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर या फांट्यांचें अवघें ७६२ मिलिमीटर. 'शकुंतला' या नांवानें सर्वांच्या परिचयाची झालेली ती गाडी आज धावत नाहीं. पण धावत होती तेव्हां मूर्तिजापूर ते अचलपूर हें सुमारें ७६ किलोमीटरांचें अंतर कापावयास ती चार-चार तास घेई. मुंबईहून अचलपुरास निघालेल्या उतारूचा प्रवास या शेवटच्या टप्प्यांत रेंगाळे. त्यासाठीं त्यानें मुंबईच्या मेलला दोष दिला असता तर तें कोणासहि हास्यास्पद वाटलें असतें. इंटरनेटच्या बाबतींत मात्र आपण नेमकें हेंच करितों.

आपण मागितलेलें पान चार टप्पे ओलांडून डोळ्यांपुढें येतें. पहिला टप्पा म्हणजे तें पान जेथें ठेवलेलें असतें तो दूरचा सर्व्हर. दुसरा म्हणजे तेथून आपल्या घरापर्यंतची वाट. तिसरा म्हणजे घरांतील राउटरपासून लॅपटॉपपर्यंतचें वायफाय. चौथा टप्पा स्वतः लॅपटॉप. यांपैकीं गाडी कोठें अडली हें कळल्याखेरीज उपाय करणें व्यर्थ आहे.

गांव आडबाजूला आहे म्हणून पान उशिरां येतें, ही समजूत आधीं दूर केली पाहिजे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धावतो. मुंबई येथून सुमारें सहाशें किलोमीटर; तेवढें अंतर कापावयास त्याला सेकंदाचे तीन सहस्रांश पुरतात. प्रत्यक्षांत वाट वांकडी असते, मधल्या यंत्रांतहि थोडा वेळ जातो. तरी एकूण विलंब डोळ्याची पापणी लवण्याहून कमीच भरतो. तेव्हां दहा-पंधरा सेकंद वाट पाहावी लागत असेल तर दोष अंतराचा नव्हे, हें निश्चित समजावें.

आतां परीक्षेची रीत. पान अडलें कीं प्रथम दुसरें एखादें संकेतस्थळ उघडून पाहावें. तें झटकन उघडलें तर दोष पहिल्या सर्व्हरचा. अर्जाच्या शेवटच्या तारखेस हजारों लोक एकाच दाराशीं गर्दी करितात. तेथें आपल्या घरचें कोणतेंहि बटण दाबून कांहीं साधत नाहीं. अशा वेळीं रात्रीं उशिरां किंवा पहांटे प्रयत्न करावा. मुदत संपण्याच्या चार दिवस आधींच अर्ज भरणें हें तर सर्वांत चांगलें.

सर्वच स्थळें मंद असतील तर तेंच पान त्याच वायफायवर मोबाइलवर उघडावें. मोबाइलवर तें लगेच आलें तर संशय लॅपटॉपवर जातो. तेथेंहि रेंगाळलें तर राउटरपासून लॅपटॉपपर्यंत तार जोडून पाहावी. तारेनें वेग आला तर वायफाय दोषी. तारेनेंहि आला नाहीं तर बाहेरची वाट किंवा राउटर दोषी. या तीन परीक्षांना पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.

वेग मोजतांना एक घोटाळा टाळावा. कंपन्या वेग मेगाबिटमध्यें सांगतात, आणि उतरवून घेतलेल्या फाइलचा आकार मेगाबाइटमध्यें दिसतो. एका बाइटमध्यें आठ बिट असतात. म्हणून चाळीस मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला पांच मेगाबाइट आले तर आपली फसवणूक झाली असें नव्हे. तो हिशेब बरोबर आहे. सामान्य पान दोन-तीन मेगाबाइटांचें असतें. यावरून ध्यानांत येईल कीं, निव्वळ वाचनासाठीं फार मोठ्या वेगाची गरज नाहीं, आणि महागडी योजना घेतल्यानें प्रत्येक वेळीं गुण येईलच असें नाहीं.

वायफायच्या लहरी बहुधा दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, परंतु त्यांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीहि गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण भिंतीपुढें लवकर हार खातात. वऱ्हाडांतील जुन्या घरांच्या जाड भिंती या दोहोंनाहि अडवितात. त्यांत उन्हाळ्यांत खिडकींत बसणारा कूलर हा एक विशेष शत्रु होय. पत्रा लहरींना परतवितो आणि पाणी त्यांना शोषून घेतें. पत्र्याच्या कूलरांत हे दोन्ही एकत्र नांदतात. राउटर कूलरमागें, लोखंडी कपाटावर किंवा स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्हशेजारीं ठेवूं नये. घराच्या मध्यभागीं, उघड्यावर, खांद्याइतक्या उंचीवर ठेवावा. या एका बदलानें पुष्कळ घरांची तक्रार मिटते, आणि त्याला एक पैचाहि खर्च नाहीं.

दोष लॅपटॉपचा ठरला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. विंडोज असलेल्या यंत्रांत एक तक्ता उघडतो. स्मृति, प्रोसेसर व डिस्क यांपैकीं कोण थकलें आहे, तें त्यांत आंकड्यांनीं दिसतें. चार गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर ब्राउझरचे तीस टॅब उघडे ठेवणें म्हणजे एका खोलींत लग्नाचें वऱ्हाड उतरविणें होय. ब्राउझरला जोडलेलीं नाना उपयंत्रेंहि असाच भार टाकतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तेंच पान पाहावें. तींत हीं उपयंत्रें बहुधा बंद असतात. तेथें पान वेगानें आलें तर अपराधी सांपडला. मग एकेक उपयंत्र काढून पाहावें. सर्व एकदम काढल्यास दोष कोणाचा होता तें कळत नाहीं. यंत्र जुन्या पद्धतीच्या फिरत्या डिस्कवर चालत असेल आणि तक्त्यांत तीच सदैव शंभर टक्के गुंतलेली दिसत असेल, तर तिच्या जागीं एसएसडी बसविल्यानें जुनें यंत्रहि पुष्कळ वर्षें सेवा देतें. त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या मानानें फारच थोडा असतो.

आतां वऱ्हाडाचा खास विषय. वैशाखांत अकोला जिल्ह्याचा पारा कित्येकदां पंचेचाळीस अंशांवर जातो. अनेक लॅपटॉप सुमारें पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेंत वापरण्यासाठीं घडविलेले असतात. प्रोसेसरचें स्वतःचें तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलें कीं तो आत्मरक्षणार्थ आपला वेग उतरवितो. सकाळीं सुरळीत चालणारें यंत्र दुपारीं दोन वाजतां रेंगाळत असेल, तर इंटरनेटला दोष देण्यापूर्वीं त्याच्या तळाला हात लावून पाहावा. त्यांत हा कापसाचा मुलूख. जिनांच्या आसपास हवेंत उडणारे तंतु आणि रस्त्याची धूळ लॅपटॉपच्या जाळींत बसून पंख्याचा श्वास कोंडतात. यंत्र गादीवर किंवा उशीवर ठेवलें म्हणजे उरलेली वाटहि बंद होते. तें लांकडी पाटावर ठेवावें. बंद करून मऊ कुंचल्यानें जाळी साफ करावी. आंतील सफाई मात्र जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावी. गाडगे महाराजांचें बालपण याच तालुक्यांतील दापुरीस, मामाच्या घरीं गेलें. दिवसां ते हातीं खराटा घेऊन गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत. आधीं झाडलोट, मग पुढचें काम, हा क्रम यंत्रालाहि तितकाच लागू आहे.

शेवटीं एक धोक्याची सूचना. यंत्र मंद झालें म्हणजे माणूस उतावीळ होतो, आणि त्याच्या उतावीळपणावर टपून बसलेले लोकहि आहेत. पडद्यावर एकाएकीं भोंगा वाजतो, "आपला संगणक बिघडला आहे, या क्रमांकावर फोन करा," असें झळकतें. फोन केल्यास पलीकडचा गृहस्थ गोड बोलून यंत्राचा ताबा मागतो आणि हां हां म्हणतां बँकेचें खातें रिकामें होतें. खऱ्या इशाऱ्यांत फोन करावयास क्रमांक दिलेला नसतो. अशा वेळीं कांहीं एक न करितां ब्राउझर बंद करावा. बंद होत नसेल तर यंत्रच बंद करावें. पैसे गेलेच तर लाजून स्वस्थ बसूं नये, त्याच क्षणीं १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या कांहीं तासांत केलेल्या तक्रारीनें पैसे वाटेंतच अडविले जाण्याचा संभव अधिक असतो. घरांतील वडील माणसांना ही गोष्ट आजच समजावून सांगावी. कारण दुपारीं घरीं एकटीं तींच असतात.

आणि बाहेरची वाटच दोषी ठरली तर ? तर एका वहींत आठ दिवस तारीख, वेळ, तारेवरचा वेग आणि वायफायवरचा वेग लिहून ठेवावा. "नेट चालत नाहीं" या तक्रारीला कोणीहि टोलवूं शकतो. परंतु रोज रात्रीं आठ ते दहा वेग चाळीसावरून तिनावर येतो, असें तारखांसह दाखविलें म्हणजे कंपनीच्या माणसाला उत्तर देणें भाग पडतें. तक्रारीचा क्रमांक त्याच पानावर उतरून घ्यावा आणि तक्रार मिटेपर्यंत ती वही राउटरशेजारींच ठेवावी.